योसेफ म्हणू शकतो, भाऊ नाहीत

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती बायबलच्या नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही करून ठेवले. टिळकांना ते तेव्हा हसण्यावारी नेण्याजोगे वाटले. पण शब्द दिला होता म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. हातात पेन्सिल घेऊन खुणा करीत वाचण्याची त्यांची सवय होती. तशा खुणा करीत ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि मग त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचे नाव मात्र त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या शब्बाथ शाळेत ही गोष्ट देवाच्या योजनेचा पुरावा म्हणून सांगितली जात असे. सांगणाऱ्या बाई ‘दोन वर्षांच्या आत’ या शब्दांवर नेमक्या थांबत आणि आम्हा मुलांच्या अंगावर काटा उभा राहिला की नाही, ते बघत. काटा येईच. पण त्याच्या पाठोपाठ एक प्रश्नही येई, जो त्या वर्गात विचारायची सोय नव्हती: टिळकांना नाही म्हणता आले असते का? आले असते, तर ते भाकीत कसले. आणि आले नसते, तर तो बाप्तिस्मा टिळकांचा कसला?

हा प्रश्न ख्रिस्ती विचाराइतकाच जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर सहाव्या शतकात तुरुंगात मृत्यूची वाट पाहत बसलेल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने दिले. त्याचे म्हणणे असे की देव काळाच्या ओघात आपल्यासारखा एकेक क्षण पार करीत नाही. काल, आज आणि उद्या हे सगळे त्याच्यासमोर एकाच वेळी उभे असते. रस्त्याने चालणारा माणूस मला दिसतो म्हणून काही तो चालत नसतो. तो चालतो म्हणून मला दिसतो. देवाचे जाणणे हे असे पाहणे आहे, ढकलणे नव्हे. उत्तर सुबक आहे आणि पुढच्या हजार वर्षांतल्या बहुतेक विद्वानांनी ते कमीअधिक फरकाने वापरले. आगगाडीतल्या गृहस्थांना मात्र ते लागू पडत नाही, कारण ते नुसते जाणून गप्प बसले नाहीत; ते बोलले. बोललेले भाकीत ज्याच्याविषयी बोलले त्याच्या कानात जाते, आणि मग तो माणूस पूर्वीचा राहत नाही. त्याला ते खरे करून दाखवता येते, खोटे पाडता येते, विसरता येते किंवा रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या आठवता येते.

बायबलमध्ये अशी बोललेली भाकिते ठायीठायी आहेत, आणि ती एका साच्यातली नाहीत. योना हा संदेष्टा निनवे शहरात शिरतो आणि चाळीस दिवसांत या शहराचा नाश होणार असे पुकारतो. त्या पुकारण्यात ‘जर’ नाही आणि ‘तर’ही नाही. पण राजापासून रंकापर्यंत सगळे गोणपाट नेसतात, देव नाश करीत नाही, आणि आपले भाकीत खोटे पडले म्हणून योना रुसून बसतो. तिथे भाकीत केले गेले तेच मुळी ते टळावे म्हणून. दुसरीकडे शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू आपल्या पेत्र या शिष्याला सांगतो की कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. पेत्राने ते स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, मरण आले तरी नाकारणार नाही असे छातीठोकपणे सांगितलेही आहे, आणि तरी अंगणात शेकोटीपाशी बसलेला असताना एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे तो ढासळतो. एका ठिकाणी ऐकलेले भाकीत माणसांना वळवते, दुसऱ्या ठिकाणी ऐकूनही माणूस वळत नाही. एक सूत्र काढून दोन्ही प्रसंग त्यात बसवण्याचा खटाटोप ज्यांनी केला, त्यांनी कुठला तरी एक प्रसंग नेहमीच बारीक अक्षरात छापला आहे.

टिळकांच्या गोष्टीतही बारीक अक्षरातला एक भाग आहे, तो म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. आमच्या बाईंची गोष्ट बाप्तिस्म्याशी संपत असे. लक्ष्मीबाईंची तिथून सुरू होते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा पदरी चारेक वर्षांचा दत्तू होता. त्या बातमीने त्यांच्यावर आकाश कोसळले, नातलगांच्या आश्रयाने राहण्याची वेळ आली आणि लोकांची बोलणी ऐकावी लागली, हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या मिस्कील, कोरड्या डोळ्यांच्या शैलीत लिहून ठेवले आहे. पुढे काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या त्यासुद्धा आपले सोवळे-ओवळे आणि आपली वेगळी चूल सांभाळूनच. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्यांची स्वतःची झटापट झाली, आणि तिचा निकाल त्यांनी स्वतःच्या डोक्याने लावला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. आता आगगाडीतला प्रसंग ही देवाची योजना होती, असे टिळकांनी म्हणावे. ते त्यांच्या आयुष्याविषयी बोलत आहेत. पण १८९५ साली, दत्तूला मांडीवर घेऊन रडणाऱ्या लक्ष्मीबाईंना कुणी जाऊन सांगितले असते की बाई, तुमचा हा वियोग देवाच्या योजनेत बसतो, तर ते खरे असते की खोटे, हा प्रश्न माझ्या मते नंतरचा आहे. आधी विचारायला हवे की हे सांगणारे तुम्ही कोण?

मी इथे बायबलमधल्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकाकडे जातो, कारण या बाबतीत त्यातल्या योसेफाच्या कथेइतकी नेमकी कथा मला दुसरी माहीत नाही. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात, वीस रुपयांना व्यापाऱ्यांच्या काफिल्याला विकतात, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे टाकतात. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, तो गुलाम होतो, खोट्या आरोपाखाली तुरुंगात जातो, शेवटी तिथल्या राजाचा, फारोचा, कारभारी होतो, आणि दुष्काळात धान्य मागायला तेच भाऊ त्याच्यापुढे येऊन जमिनीपर्यंत वाकतात. बाप मेल्यावर भावांना धास्ती पडते की आता हा सूड उगवणार. तेव्हा योसेफ म्हणतो: तुम्ही माझे वाईट योजले खरे, पण देवाने त्यातून भले योजले, पुष्कळ लोकांचे प्राण वाचावेत म्हणून.

देवाचा सहभाग आणि माणसाची इच्छा यांविषयीचे शेकडो ग्रंथ या एका वाक्यावर उभे आहेत. कृत्य एकच आहे, योजणारे दोघे आहेत. अर्धे भावांनी केले आणि उरलेले अर्धे देवाने, अशी वाटणी नाही. भावांचा हेतू पूर्णपणे भावांचा आहे आणि देवाचा हेतू पूर्णपणे देवाचा आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ईश्वरशास्त्रज्ञाने हेच अधिक काटेकोरपणे मांडले: देव हा जगातल्या इतर कारणांच्या रांगेत उभे असलेले आणखी एक कारण नव्हे, की त्याने जागा घेतली तर माणसाला सरकावे लागेल. प्रत्येक गोष्टीला देव तिच्या तिच्या स्वभावाप्रमाणे चालवतो, आणि ज्या प्राण्याचा स्वभावच निवड करण्याचा आहे त्याला तो निवडीतूनच चालवतो. मला हे पटते. देव जितका अधिक तितका माणूस कमी, हा हिशेब देवाला आपल्याच मापाचा समजण्यातून येतो.

पण त्या वाक्याकडे भाष्यकारांनी जितके पाहिले तितके ते उच्चारणाऱ्या तोंडाकडे पाहिलेले मला दिसत नाही. ते वाक्य योसेफाचे आहे. ज्याला विकले गेले त्याचे आहे. समजा, धान्य मागायला आलेल्या भावांनीच म्हटले असते की दादा, आम्ही तुला विकले ते बरेच झाले, देवाचीच तशी योजना होती. तर शब्द तेच राहून तो निव्वळ निर्लज्जपणा झाला असता. आणि कथेतले भाऊ तसे म्हणत नाहीत, ही या कथेची खरी खोली आहे. मिसरात पहिल्यांदा पेचात सापडल्यावर ते एकमेकांना काय म्हणतात? आपण आपल्या भावाचे अपराधी आहोत. तो गयावया करीत होता, त्याच्या जिवाची तगमग आपण पाहिली आणि तरी ऐकले नाही. त्यांच्या तोंडी देवाची योजना नाही, खड्ड्यातून येणारा आवाज आहे. अपराध्याने अपराध म्हणावा आणि ज्याच्यावर अपराध झाला त्याने, त्याला जमले तर आणि जमेल तेव्हा, योजना म्हणावी. योसेफालाही ते म्हणायला पुष्कळ वर्षे लागली. तुरुंगात असताना तो असले काही म्हणत नाही. मी काहीही केलेले नसताना मला या अंधारकोठडीत टाकले आहे, असे तो प्यालेबरदाराला सांगतो, आणि माझी आठवण ठेव म्हणून विनवतो.

या दृष्टीने मी चर्चच्या इतिहासातले वाद वाचू लागलो, तेव्हा ते मला निराळे दिसू लागले. बिशप ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले ‘कबुलीजबाब’ लिहिले तेव्हा त्यात एक प्रार्थना घातली: तू जे आज्ञापितोस ते करण्याचे बळ दे, आणि मग तुला हवी ती आज्ञा कर. पाचव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये कुणीतरी ही प्रार्थना पेलाजियस या धर्मोपदेशकापुढे उच्चारली आणि तो संतापला. त्याचे म्हणणे साधे आणि प्रामाणिक होते: बळही देवानेच द्यायचे असेल तर माणसे हात बांधून बसतील, आणि पाप केल्यावर बळच मिळाले नाही म्हणून सांगतील. पुढे ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण फेटाळली. मी ऑगस्टीनच्या बाजूचा आहे, कारण स्वतःच्या इच्छाशक्तीशी ज्याची कधी खरी गाठ पडली आहे, त्याला त्या प्रार्थनेचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. पण ती प्रार्थना आहे, हे विसरता कामा नये. ते सबंध पुस्तकच देवाला ‘तू’ म्हणून केलेले बोलणे आहे. त्यात एक माणूस आपल्याच मागच्या आयुष्याकडे वळून पाहतो आणि म्हणतो की मी तुझ्यापासून पळत होतो तेव्हाही तू माझ्या मागावर होतास. म्हातारपणी हाच ऑगस्टीन कोण निवडलेला आणि कोण वगळलेला याचा हिशेब मांडू लागतो, बाप्तिस्म्याविना मेलेल्या तान्ह्या बाळांना त्या हिशेबात कुठे बसवायचे ते ठरवू लागतो, आणि तिथे माझा त्याच्यावरचा विश्वास उडतो. ‘तू मला’ या शब्दांत जे सत्य होते ते ‘तो त्यांना’ या शब्दांत आले की क्रूर होते.

सोळाव्या शतकात धर्मसुधारक लूथर आणि विद्वान इरॅस्मस यांच्यातही हेच घडले. इरॅस्मसने १५२४ साली माणसाच्या इच्छेची बाजू मांडली ती मोठ्या सौजन्याने. धड चालता न येणारे मूल पडते, बाप त्याला उठवतो, समोर सफरचंद दाखवतो, हात धरून पावले टाकायला लावतो आणि शेवटी ते सफरचंद त्याच्या हातात देतो. मुलाचे काय होते यात? जवळजवळ काहीच नाही, पण अगदीच काही नाही असेही नाही, असे त्याचे म्हणणे. पुढच्या वर्षी लूथरने दिलेले उत्तर याच्या अगदी उलट, रांगडे आणि तिखट: माणसाची इच्छा हे एक जनावर आहे, त्याच्यावर देव तरी स्वार होतो नाहीतर सैतान, आणि स्वार कोण असावा हे ठरवणे जनावराच्या हाती नाही. मला इरॅस्मस आवडतो, बहुतेकांना आवडतोच. पण लूथरच्या ग्रंथाच्या अखेरीस एक जागा आहे जिथे तो वाद सोडून स्वतःविषयी बोलतो. मला कुणी स्वतंत्र इच्छा देऊ केली तरी मला ती नको, असे तो म्हणतो. कारण माझे तारण माझ्यावर सोपवले तर मला जन्मभर शंकाच राहील की मी पुरेसे केले की नाही. मठात असताना कबुलीजबाब देऊन देऊन थकलेला संन्यासी इथे बोलतो आहे. त्याच्यासाठी इच्छा बांधलेली असणे म्हणजे सुटका होती. हा त्याचा अनुभव त्याच्या तोंडी मला पूर्ण खरा वाटतो, आणि तोच सर्व मानवजातीवर लावलेला नियम म्हणून वाचला की भय वाटते.

ते भय अनाठायी नाही. १६१८–१९ साली हॉलंडमध्ये डॉर्टला भरलेल्या प्रॉटेस्टंट धर्मसभेने, माणसाला कृपा नाकारता येते असे मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांना दोषी ठरवले. देवाची निवड माणसाच्या विश्वासावर मुळीच अवलंबून नाही, आणि देवाची कृपा अखेर नाकारता येत नाही, हे तिथे कलमवार लिहिले गेले. वादात राजकारण मिसळलेले होतेच; १६१९च्या मे महिन्यात त्या अनुयायांचा पाठीराखा, एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट याचा शिरच्छेद झाला. रोमन कॅथलिक बाजूने तोच वाद येशूसंघीय (जेझुइट) आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांत पेटला होता. येशूसंघीय मोलिनाने १५८८ साली लिस्बनला छापलेल्या ग्रंथात एक हुशार तोड काढली होती: कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत स्वतःच्या मर्जीने काय करील हे देवाला आधीच ठाऊक असते, आणि त्यानुसार तो परिस्थितीची मांडणी करतो. रोममध्ये कित्येक वर्षे सुनावण्या झाल्या, आणि १६०७ साली पाचव्या पॉल पोपने निकाल न देताच त्या बंद केल्या; दोघांनीही आपापले मत ठेवावे, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नये. (आपला थॉमस स्टीफन्स याच येशूसंघाचा; हा वाद युरोपात गाजत होता त्या काळात तो गोव्यात साष्टीला होता आणि आदामाच्या पतनाची कथा मराठी ओव्यांत रचत होता. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले.) चर्चच्या इतिहासात निकाल न देण्याचे शहाणपण फार क्वचित दिसते. मी प्रॉटेस्टंट घरातला असूनही या एका गोष्टीसाठी त्या पोपला मनोमन सलाम करतो.

आता ज्या प्रसंगामुळे हा विचार माझ्यात पक्का झाला तो सांगतो. आमच्या नात्यातला एक तरुण मुलगा नगर-मनमाड रस्त्यावर मालट्रकच्या धडकेने गेला. मातीच्या दिवशी घर माणसांनी भरले होते. शवपेटी पुढच्या खोलीत दोन बाकांवर ठेवलेली होती, आणि त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मंडळीतले एक वयस्क गृहस्थ तिच्याजवळ वाकले आणि म्हणाले, “ताई, प्रभूची योजना असते. त्याला तो आवडला, त्यानं नेला.” त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, आमच्याकडे असेच म्हणतात. बाईने मान वर केली. “दादा, ट्रकवाला प्यालेला होता,” ती म्हणाली. “त्याला पाजली कुणी? ती पण योजना का?” त्यावर कुणी काही बोलले नाही. पाळकसाहेबांनी गाण्याचे पुस्तक उघडून नंबर सांगितला. पुढे पोलिसांत तक्रार झाली, कोर्टात खेटे झाले, आणि त्या बाईने एकही तारीख चुकवली नाही. योजनाच होती तर तारखांना का जाता, असे तिला मंडळीत कुणी विचारले नाही हे नशीब.

काही वर्षांनी स्त्रियांच्या उपासनेत तिने साक्ष दिली. मी ती इतरांकडून ऐकली, पण ज्यांनी ऐकली त्या सगळ्यांनी एकच सांगितले. मुलाला देवाने नेले, असे ती तेव्हाही म्हणाली नाही. त्या दिवसांत मी अंथरुणातून उठत होते ती माझ्या बळावर उठत नव्हते, एवढेच ती म्हणाली. ऑगस्टीनची प्रार्थना तिने वाचलेली असण्याचा संभव नाही.

त्या वयस्क गृहस्थांच्या बाजूने बोलायचे तर ते एका फार जुन्या मोहाला बळी पडले होते. बायबलमधल्या, निरपराध असून दुःखात पडलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळे ठीक होते. तोंड उघडून ते देवाची बाजू मांडू लागले तेव्हा बिघडले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. वाचकाला पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गातला दरबार दाखवला जातो, ईयोबाला तो अखेरपर्यंत दाखवला जात नाही. देव प्रत्यक्ष वावटळीतून बोलतो तेव्हाही तुझ्या दुःखाचे कारण हे, असे सांगत नाही. येशूलाही लोकांनी असेच प्रश्न विचारले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. त्यांचा उल्लेख तो स्वतः करतो आणि विचारतो, ते यरुशलेमात राहणाऱ्या इतरांहून अधिक अपराधी होते असे तुम्हांला वाटते का? नाही, असे तो सांगतो आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळतो: तुम्ही मात्र पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा अर्थ लावण्याची परवानगी तो देत नाही, आणि जिवंत असलेल्यांना त्यांच्या निवडीतून सोडतही नाही.

देव माणसाच्या आयुष्यात हात घालतो तेव्हा तो कसा घालतो, हे पाहायचे तर माझ्या मते येशूच्या आईकडे, मरियेकडे पाहावे. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने आपल्या एका प्रवचनात हा प्रसंग फार सुंदर रंगवला आहे: तुला पुत्र होईल असे देवदूताचे सांगून झाले आहे, आणि आता आदाम, अब्राहाम, दावीद, सगळे पितर, सगळे जग त्या मुलीच्या ओठांकडे डोळे लावून थांबले आहे, बाई, लवकर उत्तर दे, असे बर्नार्ड तिला विनवतो. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत तिच्या होकारानंतरच निघून जातो. आणि त्याआधी ती प्रश्न विचारते, हे कसे होईल म्हणून. ज्या देवाला होकार हवा असतो त्याला प्रश्नाचा राग येत नाही, हे मला त्या प्रसंगातले सर्वांत मोठे आश्वासन वाटते.

देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांना मात्र तो येतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींच्या मठात झाला. त्यांच्या डोक्यात शंका होत्या, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी. आणि ज्यांनी त्यांना आपल्या धर्मात घेतले त्यांना वाटत होते की आता यांनी शंका सोडून वडीलधाऱ्यांचे ऐकावे. त्यावर रमाबाईंनी त्यांना पत्रातून जे कळवले त्याचा आशय असा: मला सदसद्विवेक आहे, मन आहे आणि स्वतःचा निर्णय घेण्याची बुद्धी आहे, देवाने जे करण्याची शक्ती मला दिली आहे ते मला स्वतःच विचार करून केले पाहिजे. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते, कारण स्वातंत्र्य हे देवाच्या विरोधात मिळवायचे हक्क आहेत असे रमाबाई म्हणत नाहीत. शक्ती देवाचीच, आणि म्हणूनच ती दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये याच रमाबाई अन्नधान्यासाठी देवावर भार टाकून शेकडो मुली-बायकांचा संसार चालवत होत्या, विहिरी खणत होत्या, छापखाना चालवत होत्या. देवावर भार टाकणारी बाई आणि आपला निर्णय कुणालाही घेऊ न देणारी बाई एकच होती, याचे नवल त्यांना न ओळखणाऱ्यालाच वाटेल.

अशीच एक विसंगती इतिहासात आहे, तिचा उलगडा मला अजून पुरता होत नाही. जे लोक देवाची निवड आधीच झालेली आहे असे मानत होते, तेच समुद्र ओलांडून आपल्याकडे आले. इंग्रज मिशनरी विल्यम केरी याच विचाराच्या बॅप्टिस्ट पंथीयांपैकी. देवाला परक्यांना वळवायचे असेल तर तो तुझ्यामाझ्या मदतीशिवाय वळवील, असे म्हणून एका ज्येष्ठ पाळकाने त्याला खाली बसवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका खरी असो नसो, १७९२ साली केरीने जी पुस्तिका छापली तिचा विषयच हा होता की ख्रिस्ती माणसाने साधने वापरलीच पाहिजेत. पुढच्या वर्षी तो बंगालमध्ये होता, आणि १८०५ साली सेरामपूरहून त्याचे मराठी व्याकरण निघाले. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरीही निवड आधीच झालेली आहे असे शिकवणाऱ्या कॅल्व्हिनच्याच परंपरेतले, आणि नगरची आमची मंडळी त्यांच्यापासून चालत आलेली. फळ निश्चित आहे असे मानणारी माणसे हातावर हात ठेवून बसतील, अशी पेलाजियसला भीती होती. प्रत्यक्षात ती माणसे व्याकरणे लिहीत बसली. त्यांच्या श्रद्धेत जो कणखरपणा होता तो यशाची खात्री असल्याने आला असेल, किंवा यश आपल्या अंगावर नाही या मोकळेपणाने, बहुधा दुसऱ्याने.

एक माणूस मात्र माझ्या या सगळ्या मांडणीत अडकून राहतो, आणि तो येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्य, यहूदा इस्कर्योत. योसेफाला बोलायला पुढची वर्षे मिळाली. लक्ष्मीबाईंना मिळाली, पेत्रालाही मिळाली. यहूदाला मिळाली नाहीत. मनुष्याच्या पुत्राविषयी लिहिल्याप्रमाणे होणारच आहे, पण जो त्याला धरून देतो तो जन्मला नसता तर बरे झाले असते, असे येशू भोजनाच्या वेळी म्हणतो. एकाच दमात योजना आणि दोष, दोन्ही. येशूच्या मृत्यूनंतर पेन्टेकॉस्ट सणाच्या दिवशी पेत्रही तसेच बोलतो: देवाच्या ठाम संकल्पानुसार त्याला स्वाधीन केले गेले, आणि तुम्ही त्याला मारले. ज्याच्यावाचून ती योजना पुढे सरकली नसती त्यालाच दोषी कसे धरायचे, हा प्रश्न दोन हजार वर्षे विचारला जातो आहे आणि मला त्याचे उत्तर देता येणार नाही.

पण मत्तयचा सत्ताविसावा अध्याय वाचताना एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. यहूदाजवळ जगातली सर्वांत भक्कम सबब होती. शास्त्रात लिहिले होते, गुरूने स्वतः सांगितले होते, चांदीची नाणीसुद्धा भाकितात मोजलेली होती. तो ती तीस नाणी घेऊन मुख्य याजकांकडे परत जातो आणि म्हणतो, मी पाप केले आहे, निर्दोष रक्त मी धरून दिले. लिहिलेलेच होते, असे तो म्हणत नाही. त्यावर याजक उत्तरतात, आम्हांला त्याचे काय, तुझे तू पाहून घे. देवाच्या मंदिरात देवाच्या वतीने बसलेल्या माणसांनी त्याला एवढेच दिले. आणि तो नाणी मंदिरात फेकून निघून गेला, आणि त्याने गळफास घेतला. पेत्र त्याच रात्री अंगणातून बाहेर पडून ओक्साबोक्शी रडला होता. तोही, प्रभू, तू आधीच सांगितले होतेस, असे म्हणाला नाही. या दोघांच्या शब्दांत मला काही फरक करता येत नाही. फरक एवढाच दिसतो की पेत्राला तीन दिवसांनंतर परत भेटायला कुणीतरी आले, आणि तोवर तो जिवंत होता.